वजनकाटा सध्या माळ्यावर ठेवून दे

ताई, नमस्कार.

मी २९ वर्षांची. मुलगी पाच महिन्यांची आहे, सिझर झालं. दिवस राहण्याआधी माझं वजन ५६ होतं, दवाखान्यात गेले त्या दिवशी ७१. सव्वा महिन्याला माहेरी काट्यावर ६३ भरलं तेव्हा बरं वाटलं होतं. सासरी आल्यापासून मात्र वाढत वाढत ६७ झालंय. सकाळी लिंबू-मधाचं पाणी घेते, दुपारी एक पोळी, रात्री जेवत नाही. ओळखीच्या एका बाईंनी दिलेली वजन कमी करायची पावडरही महिनाभर घेतेय. जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले आणि चार दिवस गेले. आणि रात्री दोनला मुलीला पाजून झालं की ओट्याशी उभी राहून डब्यातले डिंकाचे लाडू खाते, तीन-तीन, चार-चार. मग स्वतःची किळस येते. परवा दिराच्या साखरपुड्यात एक मावससासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'अजून पोट दिसतंय, दुसऱ्याची तयारी वाटतं?' सगळे हसले. हेही हसले. पंधरा दिवसांनी रजा संपतेय आणि ऑफिसचा एकही कुर्ता दंडात चढत नाही. दूध कमी न होता पटकन वजन उतरवायचंय. काय करू?

मुलगी झोपली तरी मला झोप लागत नाही. नळ सोडून बाथरूममध्ये रडते. तिला कुशीत घेतलं तरी आतून काही वाटत नाही, नुसती कामं उरकल्यासारखं होतं. कधी कधी वाटतं, मी नसते तर तिला जास्त चांगली आई मिळाली असती. हे म्हणतात, माझ्या आईने तिघांना वाढवलं, ती कधी अशी रडत बसली नाही.

– स., नाशिक


प्रिय स.,

वजनाबद्दल तू सविस्तर लिहिलंस आणि 'मी नसते तर' हे शेवटी, घाईघाईत. मी तिथूनच सुरुवात करते.

सरळ विचारते. जीव द्यावा, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का? मुलीच्या बाबतीत काही वेडंवाकडं मनात येतं का? विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आधीच असला तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते, म्हणून विचारतेय. उत्तर 'हो' असेल, अगदी 'कधीतरी' असं असेल, तर पुढचं वाचायचं राहू दे. नवऱ्याला हाक मार, आईला फोन लाव, आणि मला लिहिलंस तेच वाक्य त्यांना सांग. आजची रात्र एकटी काढू नकोस. 'टेलि-मानस' ही सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं. विचारांनी जोर धरला तर फोनवरही थांबू नकोस, जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीच्या विभागात जा, कितीही वाजले असले तरी.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात ऊठसूट रडू येतं ते वेगळं. बहुतेक बायकांना ते होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. तुझी मुलगी पाच महिन्यांची आहे. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप न लागणं, त्याला घेऊन काही न वाटणं, आपण नकोच असं वाटणं, हे एवढे महिने टिकलं की त्याला आजार म्हणायचं. प्रसूतीनंतरचं नैराश्य. निदान डॉक्टर करतील, मी नाही, पण तुझ्या पत्रातल्या खुणा मला ओळखीच्या आहेत.

आणि हा आजार दुर्मीळ नाही. भारतातले वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक आढावा आला होता. त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाच बाळंतिणींत एक. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५२ आयांना तपासलं होतं. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना त्यातल्या ५९ जणी नैराश्यात होत्या. त्यांनी कारणंही शोधली: पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं असणं, आणि मुलगी होणं. हे २००२ साली छापून आलं. मुलगी झाल्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. पण 'पहिली बेटी, धनाची पेटी' हे वाक्य पुष्कळ घरांत समजूत घातल्यासारखं म्हणतात, तेव्हा बाळंतिणीला काय वाटतं ते मी जवळून पाहिलंय. तुझ्याही मनात तसं काही साठलं असेल तर डॉक्टरांना तेही सांग.

डॉक्टर तुला बहुधा दहा प्रश्नांचा एक कागद देतील. एडिनबर्गच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच ती विचारते. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: त्यात वजनावर किंवा भुकेवर एकही प्रश्न नाही. बाळंतिणीच्या शरीरात एवढी उलथापालथ चाललेली असते की त्यावरून तिच्या मनाचा अंदाज बांधता येत नाही, हे ती तयार करणाऱ्यांना ठाऊक होतं. तू मात्र पाच महिने काट्यावरच्या आकड्यावरून स्वतःला जोखते आहेस. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे खरं उत्तर लिही.

माझ्या थोरल्याच्या वेळी मी रात्र रात्र जागी असायची आणि धुतलेली दुपटी उलगडून पुन्हा घड्या घालत बसायची. आई म्हणायची, थकवा आहे, शिरा खा. तिने मायेनेच दिला तो शिरा. पण त्याचे पहिले सात-आठ महिने मला आठवतच नाहीत. त्याचा पहिला दात कधी आला हे मी शेजारणीकडून ऐकलेलं सांगते. म्हणून तुला म्हणते, या आठवड्यात जा. नाशिकच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. किंवा ज्यांनी तुझं सिझर केलं त्या डॉक्टरांना पत्रातला दुसरा परिच्छेद वाचायला दे आणि चिठ्ठी माग.

आता वजन.

७१ वरून ६३ वर तू आलीस ती काही न करता. साधारण तीन किलोचं बाळ, अर्ध्या किलोहून जास्त वार, जवळपास किलोभर गर्भजल, एवढं त्या दिवशीच गेलं. अंगावरची सूज पुढच्या काही आठवड्यांत उतरली. नऊ महिन्यांत शरीर थोडी चरबी मुद्दाम साठवून ठेवतं, पुढे दूध करायला लागते म्हणून, तेव्हा मागे राहिलेल्या सात किलोंत तीही आहे. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. प्रश्न आहे तो ६३ चे ६७ कसे झाले हा. आणि तू जेवण तोडलंस, तेव्हाच ते झाले.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात आणि नंतरचे सहा महिने ५२०, असं आपल्याकडची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. ६०० म्हणजे जवळजवळ एक वेळचं पोटभर जेवण. तू ते जादाचं तर घेतलं नाहीसच, वर रात्रीचंही सोडलंस. रात्री दोनला ओट्याशी उभी राहतेस ती बारा तासांची उपाशी बाई असते, आणि नुकतंच बाळाला पाजलेलं असतं. गूळ, तूप, खोबरं, डिंक असं सगळं एका घासात मिळणारी जिन्नस समोर आहे, शरीर त्यावर तुटून पडणारच. यात किळस येण्यासारखं काही नाही. झोपेचंही तेच. झोप तुटली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचं असताना पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या आयांचं पाच किलो किंवा जास्त वजन वर्षभरानंतरही अंगावर राहण्याचा संभव बराच जास्त आढळला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिमच्या तीन महिन्यांच्या पैशांनी जे झालं नसतं ते तुझ्या बाबतीत सलग झोपेने सुरू होईल असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी रक्त तपासून घे. बाळंतपणानंतर काही जणींच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. आधी ती जास्त काम करते आणि साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात मंदावते. मग वजन वाढतं, अंग जड होतं, केस गळतात, शौचाला साफ होत नाही, आणि मनही खचतं. तू नेमकी त्याच महिन्यांत आहेस. टीएसएच ही साधी तपासणी आहे. सोबत हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही बघायला सांग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता, आणि सिझरमध्ये तुझं रक्त गेलंय. पाळणा लांबवायला 'अंतरा'चं इंजेक्शन घेतलं असशील तर तेही सांग, त्याने काहींचं वजन वाढतं.

ती पावडर आजच बंद कर. तिच्यात काय आहे ते तुला माहीत नाही, देणाऱ्या बाईंनाही माहीत नसेल, आणि तुझी मुलगी अंगावर पिते. वजन उतरवायच्या गोळ्या-इंजेक्शनं, धान्य पूर्ण बंद करायचा किटोसारखा आहार, हे काहीच पाजत असताना करायचं नसतं. धान्य एकदम तोडल्याने पाजणाऱ्या आईच्या रक्तातलं आम्ल वाढून तिला दवाखान्यात भरती करावं लागल्याच्या नोंदी आहेत, अशा घटना कमी घडतात, पण घडतात.

मनाच्या औषधांची तुला भीती वाटेल. दुधात जाईल का, वजन वाढेल का, सवय लागेल का. सगळ्यांची उत्तरं डॉक्टरांकडून घे, पण एवढं जाणून जा: प्रत्येकीला गोळ्या लागतातच असं नाही, पुष्कळदा समुपदेशनाने भागतं. लागल्या तर सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आयांना बहुतेक वेळा तेच आधी देतात. नैराश्याच्या या औषधांची नशेसारखी चटक लागत नाही. काही औषधांनी वजन वाढतं, काहींनी फारसा फरक पडत नाही, आणि निवड डॉक्टरांच्या हातात असते. म्हणून वजनाची काळजी पहिल्याच भेटीत बोलून टाक. ती लपवून, मग महिन्याभराने काटा बघून परस्पर गोळ्या बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांचे हाल झाले. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बंद करायची वेळ आली तरी ती हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याने.

इथून पुढचं तुझ्या नवऱ्याला वाचायला दे.

तुमच्या आईंनी तिघांना वाढवलं, खरं आहे. त्या रडल्या नाहीत की तुम्ही पाहिलं नाही, हे त्यांनाच एकदा निवांत विचारा. पण आज तुमची बायको आजारी आहे आणि तिच्या औषधाचा अर्धा भाग तुमच्याकडे आहे. तिला रोज रात्री चार-पाच तासांची सलग झोप लागेल अशी सोय करायची. रात्री साडेनऊला तिने पाजून दुसऱ्या खोलीत झोपायला जायचं, दार लोटून. मधलं एक पाजणं तुमचं. तिने आधी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, आपल्याकडच्या उकाड्यात सरळ फ्रिजमध्ये ठेवा. अडीचला तिला उठवा. दुसऱ्या दिवशी कामावर डोळे चुरचुरतील, ते सहन करा, ती पाच महिने करतेय. ती अचानक दोन-दोन दिवस झोपेशिवाय तरतरीत राहायला लागली, भलतंच बोलायला लागली, कुणी कानात सांगतंय म्हणाली, बाळाबद्दल विचित्र संशय घ्यायला लागली, तर त्याच तासाला रुग्णालयात न्या. असं फार थोड्या जणींना होतं, पण तेव्हा सकाळ उजाडायची वाट बघायची नसते. आणि साखरपुड्यात तुम्ही हसलात त्याबद्दल तिची माफी मागा. पुढच्या वेळी कुणी काही बोललं तर उत्तर तुम्ही द्यायचं: 'पाच महिन्यांपूर्वी तिचं ऑपरेशन झालंय, मावशी.' एवढं पुरतं.

स., तुझ्या जेवणाबद्दल मला फार नियम सांगायचे नाहीत, कारण नियमांनीच तुझी ही गत केलीय. रात्रीचं जेवण आजपासून परत सुरू. तीन वेळा ताटात वाढून, बसून जेवायचं. प्रत्येक वेळी ताटात डाळ, उसळ, अंडं, दही यांतलं काहीतरी हवं. ज्वारीची भाकरी-पिठलं, मेथीची भाजी, मुगाचं धिरडं, वरण-भात, जे घरात होतं तेच. भात सोडू नकोस. डिंकाचे लाडू घरात ठेवायला हरकत नाही, सकाळी दुधाबरोबर एक खा, बशीत घेऊन. खरं तर हे लाडू, अळिवाची खीर, वाटीभर तूप म्हणजे सव्वा महिन्याचं खाणं, ज्या काळी बाळंतीण उठली की दळण-पाणी तिच्या वाट्याला यायचं तेव्हाचं. पाचव्या महिन्यात रोजचे चार जास्त होतात, एक नाही होत. रात्री पाजल्यावर भूक लागणारच. उशाशी झाकून फुटाणे, एखादं केळं आणि पाण्याचा तांब्या ठेव, म्हणजे ओट्यापर्यंत जावं लागणार नाही. आईला लाडू पाठवू नकोस असं सांगणार असशील तर जरा गोड शब्दांत सांग. तिने ते कौतुकाने वळलेत.

पोटाचं वेगळं आहे. गरोदरपणात पोटाचे मधले दोन स्नायू एकमेकांपासून लांब जातात. काही जणींचे ते जवळ येतच नाहीत आणि वजन उतरलं तरी पोट पुढेच दिसतं. पाठीवर झोप, गुडघे वाकव, डोकं किंचित उचल आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून बघ. दोनाहून जास्त बोटं आत बसत असतील तर फिजिओथेरपिस्टकडे जा. तोवर जिममधले ते पाठीवर झोपून उठायचे पोटाचे व्यायाम आणि प्लँक नकोत, त्याने फट वाढू शकते. पट्टा बांधून कंबरेला आधार मिळतो, चरबी जात नाही. शिंकताना-खोकताना लघवीचा थेंब जात असेल तर तेही त्यांना सांग. 'बाळंतपणानंतर असं होतंच' म्हणून बायका वर्षानुवर्षं हे सोसतात आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण त्यावर व्यायाम आहे आणि तो साधा आहे. टाके दुखत नसतील तर सकाळच्या कोवळ्या उन्हात मुलीला घेऊन वीस मिनिटं चाल. दहाच जमली तर दहा. मनासाठी चालायचं, वजनासाठी नाही, आणि वजनकाटा निदान दोन महिने माळ्यावर जाऊ दे. डॉक्टरांकडे मोजतील तेवढं पुरे.

मन थोडं स्थिरावलं, झोप लागायला लागली, की मग वजनाकडे वळायचं. तेव्हाही आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त घाई नाही. त्या वेगाने दूध कमी होत नाही. ५६ वर येशील की ५९ वर थांबशील ते मला सांगता येणार नाही.

रजेचं बघ. २०१७ पासून मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली हे तुला माहीत आहे. पण प्रसूतीमुळे आलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखला दिला तर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजेची तरतूदही त्याच कायद्यात आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. मनाचे डॉक्टर दाखला देतील का ते विचार. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, हेही त्यातच आहे. ऑफिसात लेखी विचार.

आणि दोन कुर्ते शिवून घे, आत्ताच्या मापाचे, दंडात सैल, पाजायला सोपे. जुने कुर्ते कपाटातून काढून एका बोचक्यात बांध, रोज दिसायला नकोत. शिंप्याला माप देताना पोट आत ओढू नकोस, नाहीतर तेही घट्ट होतील.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की मला दोन ओळी लिही. वजन नको लिहूस. काल रात्री सलग किती झोपलीस, तेवढं लिही.

तुझी,
ताई